टाके काढेपर्यंतचे चौदा दिवस

(वडोदऱ्यात कुत्री पाळणाऱ्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

ऑपरेशन करून कुत्रं घरी आणलं की पहिल्या रात्री घरातलं कुणीच झोपत नाही. भूल पुरती उतरलेली नसते, पाय लटपटतात, ते मध्येच कण्हतं, थरथरतं. त्या रात्री सगळे डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात, त्यामुळे त्या रात्री सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. कुत्रं जेवायला लागतं, शेपूट हलवतं, दारावरची बेल वाजली की धावतं. जखमेची रेघ वरून कोरडी दिसते. मग घरातल्या कुणालातरी दया येते आणि जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर निघते.

त्या दिवशी आत काय चाललेलं असतं ते बघा. पोटाच्या ऑपरेशनमध्ये तीन थर शिवलेले असतात: खाली स्नायूंना जोडणारा पांढरा, चिवट पडदा, मग चरबी, मग कातडी. पहिले चार-पाच दिवस शरीर जखमेतली साफसफाई करण्यात गुंतलेलं असतं. कडा जोडणारे नवे तंतू त्यानंतर कुठे जोमाने विणले जाऊ लागतात. म्हणजे चौथ्या दिवशी जखम धरून ठेवलेली असते ती फक्त दोऱ्याने. तीन आठवड्यांनीसुद्धा त्या जागेची ताकद मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असते. सोफ्यावर मारलेल्या एका उडीचा सगळा ताण त्या खालच्या पडद्यावर येतो. कातडी मिटलेली दिसत असताना आतला पडदा उसवू शकतो आणि आतडं त्या फटीतून कातडीखाली येऊ शकतं. ‘आमच्या डॉक्टरांनी विरघळणारे टाके घातलेत’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नेहमी वापरला जाणारा तसा एक दोरा पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस घेतो, पण त्याची ताकद तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच बरीचशी संपलेली असते.

आता चाटण्याबद्दल. ‘चाटून जखम बरी होते’ हे आपण लहानपणापासून ऐकलंय. लाळेत जंतूंना थोडाफार आवर घालणारे घटक असतात, हे खरं आहे. पण शिवलेली जखम मुळात स्वच्छ असते. तिथे खरखरीत जीभ फिरली की तोंडातले जंतू टाक्यांच्या भोकांतून आत जातात आणि कडा ओल्या राहून सुजतात. शिवाय कुत्रं चाटून थांबत नाही. पुढच्या बारीक दातांनी ते गाठ पकडतं, आणि दहा मिनिटांत पूर्ण रेघ उघडी पडू शकते. तुम्ही स्वयंपाकघरात चहा ठेवून परत येईपर्यंत एवढा वेळ सहज जातो.

म्हणून कॉलर. प्लॅस्टिकच्या शंकूसारखी मिळते ती. कॉलर घातल्यावर कुत्र्याकडे बाजूने बघा. तिची कड नाकाच्या शेंड्याच्या दोन-तीन इंच पुढे आली पाहिजे. गळ्याशी दोन बोटं सहज जावीत, तीन जात असतील तर ती ढिली आहे आणि पुढचा पंजा लागताच निघेल. कॉलरच्या कडेला भोकं किंवा फासे असतात, त्यांतून कुत्र्याचा रोजचा पट्टा किंवा गॉझची पट्टी ओवून घ्या. नुसत्या चिकट पट्टीवर विसंबू नका. मग परीक्षा घ्या: हातात खाऊचा तुकडा धरून त्याचं तोंड जखमेच्या दिशेने वळवा. जीभ टाक्यांपर्यंत पोचली तर कॉलर आखूड आहे, मोठी आणा. हवा भरलेली उशीसारखी कॉलर दिसायला सुखाची असते, पण लांब तोंडाचं कुत्रं तिच्यावरून पोटापर्यंत पोचतं आणि मागचा पाय तर आरामात चाटतं. पगसारख्यांचा गळा डोक्याइतकाच जाड असल्यामुळे त्यांच्या गळ्यातून कॉलर घसरून येते. तिथे कपडा जास्त कामाचा.

पहिला दिवसभर ते भिंतीला, दाराला, खुर्चीला धडकत राहील. ते शिकतं, घाबरू नका. कॉलर घालून पाणी पिता येत नाही ही तक्रार नेहमी येते. त्याचं कारण भांडं असतं. कॉलरच्या तोंडापेक्षा लहान व्यासाची खोलगट वाटी घ्या आणि ती पाटावर किंवा उपड्या पातेल्यावर ठेवा. कॉलर वाटीभोवती बसते आणि तोंड आत पोचतं. वडोदऱ्याच्या मे महिन्यात पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही, दर दोन तासांनी स्वतः वाटी पुढे करा.

आपल्याकडे घरोघरी झोपाळा आहे, म्हणून खास सांगते. कॉलर घातलेल्या कुत्र्याला बाजूचं दिसत नाही. हलत्या झोपाळ्याची फळी पोटावर बसली तर सगळे थर एकदम उसवतील. चौदा दिवस झोपाळ्याच्या कड्या वर अडकवून ठेवा किंवा तो दोरीने बांधून टाका.

पोटावरच्या जखमेला सुती टी-शर्टाची चांगली मदत होते. लॅब्रॅडॉरला मोठ्या माणसाचा, लहान जातीला लहान मुलाचा. छापील बाजू पाठीवर येईल असा घाला. डोकं गळ्यातून, पुढचे पाय बाह्यांतून. मागचं जास्तीचं कापड कमरेच्या वर, पाठीकडे गोळा करून गाठ मारा, पोटाखाली नको. गाठीखालून दोन बोटं जावीत. शू करायला नेताना मागचा भाग पुढे दुमडून घ्या, नाहीतर ओलं कापड जखमेला चिकटून बसेल. दिवसातून एकदा आणि ओला झाला की लगेच शर्ट बदला. जखमेच्या जागी कापडावर लाळेचा ओला डाग दिसला तर ते कापडावरूनच चाटतंय असं समजा आणि कॉलर परत घाला. नराच्या नसबंदीची जखम वृषणाच्या पुढे असते. ती टी-शर्टाने झाकत नाही, तिथे कॉलरच हवी.

जखम दिवसातून दोनदा बघा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, आणि फोनवर फोटो काढून ठेवा. कालच्या आणि आजच्या फोटोतला फरक डोळ्याला पटकन कळतो. अंथरूण म्हणून धुतलेली गोधडी आणि तिच्यावर पांढरी सुती चादर घाला, म्हणजे गळणारा थेंब डाग होऊन दिसेल. पहिले एक-दोन दिवस कडांशी थोडी लाली, थोडी सूज, गुलाबी पाण्याचा एखादा थेंब चालतो. तिसऱ्या-पाचव्या दिवशी टाक्यांखाली मऊ, न दुखणारा फुगा आला तर बहुधा आत पाणी साचलेलं असतं, आणि त्याचं कारण बहुधा उड्या असतात. तरी डॉक्टरांना दाखवा, कारण आतडं खाली उतरलं असेल तरी फुगा तसाच दिसतो. तो घरी दाबून बघू नका, सुईने तर मुळीच नाही. पू, घाण वास, वाढत जाणारी लाली, रक्ताची धार, उघडलेली कड: यांपैकी काही दिसलं तर फोन करून लगेच निघा. जखमेतून काही बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर धरा, वरून टॉवेल गुंडाळा आणि दवाखाना गाठा.

जखमेला काहीही लावायचं नाही. हळदही नाही. ती लाली झाकते, भुकटी टाक्यांत अडकते आणि तुपात कालवली तर कुत्रं आणखी चाटतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाच मारतात. मात्र पावसाळ्यात माश्यांचं भान ठेवा. ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या होतात. जाळीच्या खिडक्या बंद ठेवा आणि डॉक्टरांनी दिलेला माशीरोधक फवारा ते सांगतील तसाच वापरा. जिथे कुत्रं झोपतं तिथे फिनेल नको.

वेदनेबद्दल जरा सावकाश सांगते, कारण इथे प्रेमापोटी जीव जातात. घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नका. त्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने नको. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला देतात, पण रोजचा डोस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक मिलिग्रॅम, आणि माणसाची गोळी साडेसात किंवा पंधराची! डॉक्टरांनी दिलेलं औषध जेवणानंतरच द्या. उलटी किंवा काळी शी झाली तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना विचारा. दुखणं ओरडण्यावरून ओळखू नका, पुष्कळ कुत्री गप्प सोसतात. गार खोलीतही धापा टाकणं, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, पुढचे पाय लांबवून मागचा भाग वर ठेवणं, सारखी जागा बदलणं आणि तरी न बसणं: ही दुखण्याची लक्षणं. शेपूट हलली म्हणजे दुखत नाही, असं नाही.

पहिल्या रात्री ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरड्या पांढरट, पोट फुगत चाललेलं, अंग गार आणि कुत्रं उठत नाही, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. सकाळची वाट बघू नका. गुदद्वारातलं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असावं. १०३ च्या वर गेलं तर कळवा. जेवण त्या संध्याकाळी नेहमीच्या पाव हिस्सा, मऊ भात चालेल, पण वरणाला कांदा-लसणाची फोडणी नको. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी चालतं, शू मात्र चोवीस तासांत व्हायलाच हवी.

फिरणं फक्त शी-शूपुरतं, पाच मिनिटं, आखूड पट्ट्याने. दांडिया बाजारकडच्या जुन्या घरांतले जिने उभे असतात. लहान कुत्र्याला छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात घालून उचला, पोटाखाली नाही. मोठ्याला खालच्या मजल्यावरच ठेवा. नसबंदीसारखं ठरवून करायचं ऑपरेशन उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गच्चीवरून पतंग कापल्याचा, ‘काप्यो छे’चा आरडाओरडा सुरू झाला की घाबरलेलं कुत्रं कुठेही उडी मारतं.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्या बारीक भोकांना नंतर दोन दिवस खाज येते, म्हणून कॉलर दवाखान्यातच सोडून येऊ नका, आणखी दोन रात्री राहू द्या. अंघोळ त्यानंतरच, कोमट पाण्याने, आणि टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. पोटावरचे भादरलेले केस यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला गच्चीवर दुपारच्या उन्हात उताणं लोळू देऊ नका.