वावराची भूमिती
(दृश्य : आकाशातून दिसणारं लोणारचं विवर)

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. उल्केच्या आघातानं बेसॉल्टच्या खडकात पडलेलं हे विवर काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. जवळच्याच एका शाळेतली आठवीची मुलं आज ते वर्गाच्या भिंतीवर बघतायत, गूगल अर्थवर. सरांनी एवढंच विचारलंय, "व्यास किती?"

पहिल्या मुलीनं पूर्व-पश्चिम रेघ ओढली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उभी ओढून पाहू?" आकडा थोडा वेगळा आला. मग तिरक्या रेघा, मग सगळ्यांची सरासरी. पुस्तकातल्या वर्तुळाला व्यास आयता छापलेला असतो. इथं तो कुठून कुठपर्यंत धरायचा हे मुलांनाच ठरवावं लागतं, आणि खरी भूमिती तिथंच सुरू होते.

(दृश्य : माऊस धरलेला हात, काठावर एकेक बिंदू उमटतो)

आता परीघ. काठावर सारख्या अंतरानं सहा बिंदू घेतले, ते रेषांनी जोडले, लांबीला व्यासानं भागलं : ३ च्या आसपास. बारा बिंदू घेतले : ३.१ च्या आसपास. चोवीस घेतल्यावर आकडा आणखी थोडा सरकला, आणि फळ्याजवळचा मुलगा कुणी न सांगता म्हणाला, "हे तर पाय (π) होतंय!" पुढं काठाची प्रत्येक खाच पकडत गेलं, की भागाकार ३.१४ च्याही वर जातो, कारण काठ काही परकारानं आखलेला नाही. ही गोष्ट सूत्र पाठ करून कळत नाही.

(दृश्य : काठावरून पाण्याकडे उतरणारी पायवाट)

नकाशावर काठ ते पाणी हे अंतर सुमारे ३०० मीटर. पण नकाशा आडवं अंतर दाखवतो, आणि ही वाट खाली उतरते. उतार १३७ मीटर धरला तर पायथागोरस सांगतो : कर्ण सुमारे ३३० मीटर. वाटेच्या वळणांचे वेगळे.

(दृश्य : शाळेचं मैदान, दोरी, चुन्याची फक्की)

दुसऱ्या दिवशी मुलं मैदानात. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. चारही कोपऱ्यांत मुलं उभी राहिली, मधे बाकीचा वर्ग बसला. हा एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. घरात रोज कानावर पडणारा शब्द पहिल्यांदाच पायाखाली आला.

मग प्रत्येकानं नकाशावर आपलं वावर शोधलं. आधी विहीर सापडते, मग तिच्या अंदाजानं धुरा, म्हणजे बांध. या मुलीचं सोयाबीनचं वावर चौकोनी दिसतं खरं, पण एकही कोन काटकोन नाही. लांबी गुणिले रुंदी इथं चालत नाही. तिनं मधून ९० मीटरचा कर्ण टाकला. एका बाजूला ८० आणि ७० मीटर, दुसऱ्या बाजूला ६५ आणि ५५. दोन त्रिकोण, आणि आठवीच्या पुस्तकातलं, तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढणारं हीरोचं सूत्र. पहिला २,६८३ चौरस मीटर, दुसरा १,७७५. बेरीज ४,४५८, म्हणजे शंभर चौरस मीटरचा एक आर धरून ४४.६ आर. सातबारा उघडला, त्यावर ०.४५ हेक्टर. तिचे वडील सांगतात तेही तेच, "एकर-चार गुंठे."

(दृश्य : हिंगणघाट, विल्यम लॅम्बटनची कबर)

त्रिकोण पाडून जमीन मोजायची ही रीत मोठी आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला ही कबर आहे. लॅम्बटन या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्यानं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीनं मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणितानं निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र, थिओडोलाईट, टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत त्रिकोणांची ही माळ उत्तरेला सरकत आली. १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचं निधन झालं. काम पुढं जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. आपल्या विदर्भातून गेलेली ही माळ भूमितीच्या तासाला यायलाच हवी.

(दृश्य : पुन्हा वर्ग, पडद्यावर धुऱ्यावरचं बाभळीचं झाड)

हा धुरा नीट बघा. ही काळी पट्टी बाभळीची सावली आहे. बिंदू सावलीवर पडला की वावर वाढतं. एकाचं आणि त्याच्या शेजाऱ्याच्या पोराचं माप जुळेना, तेव्हा ही सावली सापडली. हद्दीच्या वादात अर्थातच ही मोजणी चालत नाही. तिथं भूमी अभिलेख खात्याचीच मोजणी लागते.

(दृश्य : सरोवराचं पाणी, पडद्यावर निळी बंद आकृती)

सध्या वर्ग सरोवराच्या पाण्याचं क्षेत्रफळ काढतोय. व्यास १.२ किलोमीटर धरला तर सुमारे ११३ हेक्टर. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रंही आहेत. पावसाळ्यानंतरचं एक आणि उन्हाळ्यातलं एक, अशा दोन आकृत्या काढून पाणी किती हेक्टरनं मागं हटलं ते मुलांना शोधायचंय. पहिली काढून झाली आहे.