पेन्सिलीने लिहिलेली तारीख

[दृश्य : जेवणाचं टेबल, दोनशे पानी वही. एक हात पानं उलटतोय.]

ब्रिटनमधली स्लाउ, रीडिंग, हाउन्सलो. इथल्या बऱ्याच मराठी घरांत अशी एक वही निघते. डावीकडे भारतात गेल्याची तारीख, उजवीकडे परतल्याची. आजी गेली तेव्हा अकरा दिवस. मामेभावाचं लग्न, सोळा दिवस. कुठल्याही बारा महिन्यांत 180 दिवसांच्या वर ब्रिटनबाहेर राहिलं, तर आयएलआर अडतं. म्हणून हा हिशेब.

आयएलआर म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी. आपले लोक सरळ पीआर म्हणतात. स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षं काढायची, 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा द्यायची, भरभक्कम फी भरायची. मग स्पॉन्सरची, म्हणजे व्हिसाची हमी देणाऱ्या कंपनीची, कटकट संपली. तोवर मात्र नोकरी गेली, की साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर सामान बांधा.

[दृश्य : वहीचं शेवटचं पान.]

पेन्सिलीने लिहिलंय : मार्च 2027. पाच वर्षं भरण्याचा महिना.

20 नोव्हेंबर 2025 ला गृहमंत्री शबाना महमूद यांनी नवा आराखडा मांडला. पाचाचे दहा. तेही फक्त नव्याने येणाऱ्यांसाठी नाही. आधीच आलेले, पण आयएलआर हाती न पडलेले सगळे त्यात. तीन वर्षं दरवर्षी 50,270 पौंडांच्या वर कमाई असेल तर पाच वर्षं माफ. 1,25,140 च्या वर असेल तर सात. सरकारी भत्ते घेतले असतील, तर उलट वर्षं वाढणार.

आणि केअर वर्कर? पंधरा वर्षं. 2022 मध्ये माणसं मिळेनात म्हणून ब्रिटननेच त्यांच्यासाठी व्हिसा उघडला. केरळहून, नायजेरियाहून, झिम्बाब्वेहून बाया आल्या, परक्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालू लागल्या. त्यांतल्या पहिल्यांची पाच वर्षं 2027 मध्ये भरतात. सरकारचं गणित असं, की 2026 ते 2030 मध्ये 16 लाख लोक कायम होतील आणि तो भार पेलणार नाही. असेल. पण खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलायचा, हे खटकतंच.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. 2006 मध्ये चाराची पाच वर्षं केली होती. एचएसएमपी या अतिकुशल परदेशी लोकांसाठीच्या योजनेवर आलेले लोक, त्यांत भारतीय पुष्कळ, कोर्टात गेले. 2009 मध्ये हायकोर्टाने सांगितलं : जुन्या नियमावर विसंबून आलेल्यांना चारच वर्षं.

[दृश्य : पुन्हा टेबल. शेजारी शाळेचं दप्तर.]

या घरातली मुलगी सप्टेंबर 2028 मध्ये विद्यापीठात जाईल. तोवर आयएलआर झालं, तर तिला इथल्या मुलांची फी लागेल; 2025 च्या दराने वर्षाला जास्तीत जास्त 9,535 पौंड. नाही झालं, तर परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे बऱ्याच ठिकाणी दुपटीहून जास्त. वडिलांनी त्याच पानावर दोन्ही आकडे मांडलेत. तेही पेन्सिलीने.