ओंबील, कुंभारीण आणि शिंजीर

(पडवी. सकाळ.)

वेंगुर्ला तालुक्यातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर. मार्च महिना. शेवग्यावर तांबटाचं टुक-टुक सुरू झालंय आणि पडवीतल्या कपड्यांच्या दोरीला शिंजीर या इवल्या पक्ष्याचं घरटं लोंबतंय. कोळ्याची जाळी, काथ्याचे धागे, सालीचे तुकडे. जळमट समजून केरसुणीने काढलं जायचीच भीती. घरट्याच्या दारावर पुढे आलेली छपरीही बघा. हे सगळं मादीचं काम. घरच्यांनी ही दोरी तिला सोडली; कपड्यांसाठी दुसरी बांधली.

(खिडकीची चौकट.)

इथे कुंभारीण माशी मातीचं मडकं घडवतेय. आत अंडं टांगलेलं असतं. नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या ती आत भरते आणि तोंड लिंपून टाकते.

(काजूचं कलम. अगदी जवळून.)

परड्यातलं, वेंगुर्ला-४ जातीचं. पानांचा हा गोळा ओंबिलांचा, म्हणजे पानं सांधून घर करणाऱ्या मुंग्यांचा. एक मुंगी पानाची कड जबड्यात धरून ओढू लागते. पलीकडचं पान दूर असेल तर दुसरी तिची कंबर धरते, तिसरी दुसरीची. अशी साखळी ताणून पानं भिडवली, की आतून अळ्या आणल्या जातात. ही पांढरी अळी, मुंगीच्या जबड्यात. मुंगी तिला या कडेला टेकवते, मग त्या कडेला, पुन्हा इकडे. मागावरचा धोटाच जणू. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि पानं सांधली जातात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही. इतर काही मुंग्यांच्या अळ्या ते स्वतःच्या कोशासाठी वापरतात. ओंबिलांत ते घरालाच लागतं.

त्या कडकडून चावतात, हे खरं. म्हणून गोळा दिसला की चूड लावली जाते. पण काजूच्या पालवीवर आणि मोहरावर बसणाऱ्या ढेकण्या या किडीला याच मुंग्या टिकू देत नाहीत. फवारणीत त्याही मरतात, मोहरावरच्या मधमाश्याही.

ओंबील असलेलं कलम फवारणीतून वगळा, एवढंच आमचं मागणं. पिकलेलं बोंडू बीसकट आपोआप खाली पडतं. बी गोळा करायला त्यांच्या फांदीवर चढावंच लागत नाही.