चिऱ्याऐवजी सुई

सोनोग्राफीच्या पडद्यावरचा हा काळपट भाग पाहा. डॉक्टरांनी प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, जरा दाबला की आतले बारीक ठिपके हलतात. हा पू आहे. बाळंतिणीच्या स्तनात झालेलं गळू.

सुरुवात बहुतेक वेळा साध्या दुखण्याने होते. दूध साठतं, स्तनाग्राला भेग पडते, तिथून जंतू शिरतात, बहुधा स्टॅफिलोकॉकस. अंग तापतं. घरात म्हणतात, ‘दूध गोठलंय, शेक दे, चोळून काढ.’ हेतू चांगलाच, पण जोरात चोळल्याने सूज वाढते. आता हलका हात आणि थंड पट्टी सांगतात. पू एकदा साठला, की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

पूर्वी पूर्ण भूल देऊन मोठा चिरा घेत. आतले कप्पे बोटाने मोडायचे, जखमेत गॉज भरायचं, मग कित्येक दिवस ड्रेसिंग. लहान बाळ सांभाळत हे सोसायचं. आत काय आहे ते दिसतच नव्हतं, तेव्हा दुसरा इलाज तरी काय होता?

आता सोनोग्राफीत सुईचं टोक दिसतं. जागेपुरती भूल देतात. सुई जाड, बहुधा 18 नंबरची. या मोजणीत आकडा जितका लहान तितकी सुई जाड. पू घट्ट असेल तर सलाईन आत सोडून पुन्हा ओढतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. थोडा पू तपासणीला जातो, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळतं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी, पू दिसला तर पुन्हा सुई. एकदाच टोचून काम होईल असं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गळू 3 सेंटिमीटरहून मोठं असेल तर काही ठिकाणी बारीक नळी ठेवतात. वरची कातडी पातळ, चकचकीत झाली असेल तर छोटासा छेद पुरतो. कातडी काळी पडली, तर मात्र शस्त्रक्रिया.

आणि बाळाचं दूध? ते चालूच ठेवायचं. एकदम तोडलं तर दूध आणखी साठतं. त्या बाजूला फारच दुखत असेल तर तेवढ्यापुरतं हाताने काढायचं.

पू निघूनही गाठ राहिली, किंवा अंगावर पाजत नसलेल्या बाईला गळू झालं, तर डॉक्टर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवू शकतात. आपल्याकडे क्षयरोगही स्तनात गळवासारखा दिसतो, क्वचित कर्करोगही.