आठ नंबरची ट्रॅम आणि घरचा हिशेब

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

नऊ वर्षे जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये आणि त्यानंतर अकरा वर्षे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये संसार केल्यामुळे मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो: जर्मनी बरी की स्वित्झर्लंड? पुण्याहून किंवा चाकणहून येणारी तरुण मंडळी हा प्रश्न पगाराचा आकडा पुढे ठेवून विचारतात. त्या आकड्याने माझी स्वतःची फसगत झाली होती, म्हणून आज त्याविषयीच बोलायचे ठरवले आहे.

बाझेलची आठ नंबरची ट्रॅम डिसेंबर २०१४ पासून सीमा ओलांडून जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनपर्यंत जाते. शनिवारी सकाळी लोक रिकाम्या पिशव्या घेऊन तिच्यात चढतात आणि दूध, पीठ, डायपर, साबण भरून परततात. जर्मन दुकानात पन्नास युरोंहून अधिक खरेदी झाली की एक हिरवा कागद भरून मिळतो. त्यावर सीमेवरच्या जकात कचेरीत शिक्का घ्यायचा आणि पुढच्या खेपेला तो दाखवून भरलेला व्हॅट परत घ्यायचा, ही इथली घरोघरची रीत आहे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १५ जानेवारी २०१५ रोजी एका युरोला किमान १.२० फ्रँक हा आपला दर अचानक सोडून दिला आणि फ्रँक एकदम वधारला, तेव्हा पुढच्या शनिवारी त्या ट्रॅममध्ये उभे राहायला जागा नव्हती. आम्ही सगळे खूश होतो. मात्र त्याच फ्रँकमुळे स्विस माल परदेशात महागला आणि काही निर्यातदार कंपन्यांनी त्याच पगारात कामाचे तास वाढवले. स्वस्त दूध आणि लांबलेला कामाचा दिवस एकाच कारणातून आमच्या घरी आले.

आता पगाराच्या स्लिपकडे येतो. स्टुटगार्टची माझी पहिली स्लिप पाहून मन खट्टू झाले होते, कारण कर, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, बेकारीविमा असे सगळे त्यातून आधीच कापलेले होते. बाझेलची पहिली स्लिप पाहून तितकाच हर्ष झाला, आणि तो महिनाभरही टिकला नाही. जर्मनीत १८८३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या सार्वजनिक विम्यात हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो, त्यातला अर्धा वाटा मालक भरतो आणि कमाई नसलेली पत्नी व मुले त्याच हप्त्यात सामावतात. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे, पण हप्ता माणशी असतो, पगार कितीही असो, आणि तो स्लिपच्या बाहेर आपण भरायचा असतो. आम्हा चौघांच्या चार पॉलिसी निघाल्या. हप्ता कमी बसावा म्हणून मी पत्नीसाठी वर्षाला २,५०० फ्रँकपर्यंतचा खर्च स्वतः सोसण्याचा पर्याय निवडला आणि त्याच वर्षी तिचा गुडघा दुखावला. एमआरआयपासून फिजिओथेरपीपर्यंतची बिले, ती मर्यादा गाठेपर्यंत, आम्हीच भरली. चूक सर्वस्वी माझी होती. नियम स्पष्ट लिहिलेले होते, मी ते जर्मन सवयीने वाचले.

लहान मुले असणाऱ्यांनी याहून अधिक सावध राहावे. जर्मनीत २०१३ पासून वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. जागा शोधताना दमछाक होते, तरी हक्क आहे. बाझेलमध्ये अनुदान न मिळाल्यास एका दिवसाला शंभर फ्रँकहून अधिक मोजावे लागतात, त्यामुळे अनेक घरांत आईची नोकरी आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर येते. आपल्या किती शिकलेल्या मुलींचे असे झाले आहे, हे या सभागृहात मला सांगावे लागू नये. याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही स्विस समाज निष्काळजी आहे असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये सर्वांना किमान सहा आठवडे रजा देण्याचा प्रस्ताव इथल्या मतदारांनी स्वतःच फेटाळला. आधी उद्योग टिकला पाहिजे, मग बाकीचे, ही त्यांची समजूत आहे आणि ती ते स्वतःलाही लावतात. नोकरीचेही तसेच. पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची आणि दहाव्या वर्षापासून तीन महिन्यांची नोटीस देऊन कंपनी तुम्हाला मोकळे करू शकते. जर्मनीत दहाहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना सहा महिन्यांच्या नोकरीनंतर कायद्याला पटेल असे कारण द्यावे लागते. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे जर्मन अर्थव्यवस्था आकसली, तेव्हा माझ्या तिकडच्या मित्रांना या कायद्याचा आधार वाटला. पण नव्याने नोकरी शोधणाऱ्यांना दार तितक्या लवकर उघडले नाही, हेही मी पाहिले.

जेवणानंतर मी कोपऱ्यातल्या टेबलावर माझ्या दोन्ही देशांतल्या जुन्या स्लिपा आणि विम्याची कागदपत्रे घेऊन बसणार आहे. ज्यांच्या हाती नोकरीचे पत्र आले आहे त्यांनी ते घेऊन यावे. घरभाडे, विमा आणि पाळणाघर धरून आपण एकत्र बेरीज करू.