खत शेतात जायचं असेल तर

मंडळी, बेळगावचा कचरा वेंगुर्ला रस्त्यानं तुरमुरीच्या कचरा डेपोला जातो. तुरमुरी-उचगावकडच्या माणसांना त्याबद्दल मी काही सांगायला नको. आज बोलायचं आहे ते त्या ढिगातल्या ओल्या भागाविषयी. आपल्यासारख्या देशांत शहराच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा देठं, साली आणि शिळ्या अन्नाचा असतो. तो धड जळत नाही, म्हणून नुसत्या भट्ट्या बांधून भागत नाही. पुरला तर हवेविना कुजतो, मिथेन निघतो आणि काळं पाणी विहिरीपर्यंत झिरपतं. त्याचं खत करणंच शहाणपणाचं. हे ज्ञान आपल्याकडं जुनंच आहे. कचऱ्याचं खत करायची शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची इंदूर पद्धत सुमारे शंभर वर्षांपूर्वीची, सी. एन. आचार्य यांची बंगळूर पद्धत 1939ची.

मग शहरांची खत केंद्रं का फसली? 1970च्या दशकात देशात मोठी यांत्रिक केंद्रं उभी राहिली आणि बहुतेक बंद पडली. आत सगळा मिसळलेला कचरा गेला. बाहेर आलेल्या खतात काच, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या सेलमधले जड धातू निघाले. चाळणीनं मोठे तुकडे निघतात, बारीक काच खतातच राहते. आता वडगाव-अनगोळच्या शिवारातली भातलावणी डोळ्यांसमोर आणा. बायका अनवाणी पायांनी चिखलात वाकलेल्या असतात. त्या रानात काचेचं खत कोण टाकेल? शेतकरी अडाणी म्हणून शहराचं खत घेत नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. घरोघरची जनावरं कमी झाली, शेणखत मिळेनासं झालं. त्याला खत हवंच आहे, काच नको आहे.

ती काच रोखायची जागा म्हणजे आपलं स्वयंपाकघर. 2016च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करणं बंधनकारक केलं. फुटलेली बाटली कागदात गुंडाळून सुक्यात द्या. खताआधी ती पौरकार्मिकांचे, म्हणजे सफाई कामगारांचे, हात कापते.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. ढिगात ओलावा 50 ते 60 टक्के हवा. त्यापुढं गेला की हवा कोंडते आणि घाण वास सुटतो. म्हणून खताला छप्पर पाहिजेच. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, कार्बन कमी. 1 भाग नत्राला 25 ते 30 भाग कार्बन जमवायला पालापाचोळा, भाताचा पेंढा, उसाचं पाचट मिसळावं लागतं. पाचट तर आपल्या जिल्ह्यात रानातच जाळतात! मिश्रण जमलं आणि ढीग वेळेवर पालथा केला, की आतली उष्णता 55 अंशांवर जाते, तणाचं बी आणि रोगजंतू मरतात.

माझं म्हणणं असं, की सुरुवात भाजी मार्केटपासून करा. तिथला कचरा मुळातच जवळपास सगळा ओला असतो. पहिल्या हंगामाचं खत आसपासच्या शेतकऱ्यांना फुकट द्या, पण त्याआधी त्यांना बोलावून त्यांच्यासमोर चाळा आणि चाळणीवर काय उरलं ते त्यांना स्वतः पाहू द्या.