उन्हाळा अंड्यात काढणारा मासा

(सोलापुरातील हौशी मत्स्यपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. किलीफिश, म्हणजे हौसेनं टाकीत पाळायचे छोटे रंगीत मासे, सोलापुरात टिकत नाहीत, असं माशांचे दुकानदार सांगतात. त्यात निम्मं तथ्य आहे. चोवीस-पंचवीस अंशांच्या पाण्यात खूश असणारा मासा आपल्या मे महिन्यात, बाहेर पारा ४३-४४ ला टेकलेला असताना, काचेच्या टाकीत कसा तग धरणार? पण या माशांत एक मोठा गट असा आहे, की त्यांना उन्हाळ्यात जगवायची गरजच नसते. त्यांचा उन्हाळा अंड्यात जातो. आपण त्यांचं वेळापत्रक आपल्या ऋतूंशी जुळवून घ्यायचं. आज मी मुख्यतः याच गटाबद्दल बोलणार आहे, बाकीच्यांना ओझरता हात लावीन.

हा गट म्हणजे नोथोब्रँकियस. टांझानिया, मोझांबिक, झिंबाब्वे, म्हणजे पूर्व आणि आग्नेय आफ्रिकेच्या गवताळ माळरानांवर पावसाळ्यात जी डबकी साचतात, तिथला हा रहिवासी. या डबक्यांचा तळ बहुधा काळ्या चिकणमातीचा असतो, भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. म्हणजे तुमच्या आमच्या शेतातलीच जात म्हणा ना. डबकं काही आठवडे-महिने टिकतं आणि आटतं. मासे मरतात, सगळेच्या सगळे. मागे चिखलात अंडी राहतात, आणि पुढच्या पावसापर्यंत ती तशीच पडून असतात.

यातला नोथोब्रँकियस फुरझेरी आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आहे. १९६८ साली झिंबाब्वेतल्या गोनारेझू भागातून तो पहिल्यांदा गोळा झाला. त्या मूळ वाणाचं आयुष्य टाकीत भरतं जेमतेम तीन-चार महिने. तेवढ्यात तो वाढतो, रंगतो, अंडी घालतो आणि म्हातारा होतो. पाठीला बाक येतो, रंग उतरतो. म्हातारपण कसं येतं याचा अभ्यास उंदरावर करायचा तर दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, इथे एका हंगामात काम होतं. म्हणून जर्मनीत येना आणि कलोन इथल्या संशोधन संस्थांनी त्याच्यावर मोठं काम उभं केलं. मोझांबिकमधल्या डबक्यांत हा मासा अंड्यातून निघाल्यापासून चौदा दिवसांत वयात येतो, अशी नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली. चौदा दिवस! आपल्याकडे तेवढ्यात गप्पीचं पिल्लू नर की मादी हेही धड कळत नाही.

आता अंड्याकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे. यातला गर्भ वाढता वाढता थांबू शकतो. असे तीन थांबे आहेत: एक अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असताना, दुसरा मध्यावर, शरीराचा आराखडा तयार होऊन हृदय धडधडू लागल्यावर, आणि तिसरा पिल्लू पूर्ण तयार होऊन बाहेर पडण्याच्या बेतात असताना. कोणतं अंडं कुठे थांबेल आणि किती थांबेल हे ऊब, ओल आणि हवा यांवर ठरतं. पण एकाच मादीची, एकाच दिवसाची, एकाच पिशवीतली अंडीसुद्धा सगळी एकत्र तयार होत नाहीत. मृगाच्या पहिल्या सरीवर सगळं बियाणं टाकून मोकळा होणारा शेतकरी नंतर पावसानं ओढ दिली की दुबार पेरणीला सामोरा जातो. या माशानं ती सोय आधीच करून ठेवलीय; पहिल्या पावसाला थोडी अंडी फुटतात, बाकीची कणगीतच राहतात. म्हणून ही अंडी ज्यात साठवतो तो भुसा एकदा भिजवल्यावर फेकून देऊ नका. पिल्लं काढून घेतली की तो पुन्हा निथळून, बांधून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी भिजवलात तर आणखी पिल्लं निघतात, कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त.

प्रत्यक्ष करायचं कसं, ते सांगतो. एक नर आणि दोन-तीन माद्या. नर एकापेक्षा जास्त ठेवले तर भांडण, आणि मादी एकच ठेवली तर तिचे हाल, कारण नर तिला क्षणभर उसंत देत नाही. टाकीत आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा ठेवायचा, झाकणाला मासा आत जाईल एवढं भोक, आणि आत तीन-चार सेंटिमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. परदेशातली पुस्तकं दलदलीतलं पीट मॉस वापरा म्हणतात. आपल्याला नर्सरीतलं कोकोपीट चालतं, मात्र खत न मिसळलेलं हवं. ते उकळा आणि चहासारखं पाणी येणं थांबेपर्यंत धुवा. जोडी भुशात अंग दाबते, थरथरते आणि अंडं आत सोडते. खाऊनपिऊन धष्टपुष्ट मादी दिवसाला वीस-पंचवीस अंडी सहज घालते.

आठ-दहा दिवसांनी डबा काढा, भुसा बारीक जाळीत गाळा आणि जुन्या टॉवेलमध्ये पिळा. टॉवेलची आपल्या गावात काय वाण! अंडी फुटतील ही भीती नको, कवच चांगलं टणक असतं. पिळल्यावर भुसा वर्तमानपत्रावर थोडा वेळ पसरून ठेवायचा. मुठीत आवळला तर थेंब पडू नये, पण बोटाला ओल जाणवावी, इतपत. जास्त ओला राहिला तर अंडी बुरशीला जातात, जास्त वाळला तर चेपतात. मग प्लास्टिकच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बांधायचा आणि पिशवीवर माशाचं नाव, मूळ ठिकाण आणि तारीख लिहायची. ही चिठ्ठी नसेल तर पिशवी कचऱ्यात गेल्यासारखीच समजा. नोथोब्रँकियसच्या वेगवेगळ्या जातींच्या माद्या दिसायला इतक्या सारख्या असतात, की नंतर ओळखू म्हणणं व्यर्थ आहे.

आता पंचांग. झांझिबार बेटावरच्या गुंथेरी या नोथोब्रँकियसच्या जातीची अंडी साधारण तीन ते चार महिने घेतात. मोझांबिकच्या बैरा परिसरातला राकोवी, हा माझ्या मते गोड्या पाण्यातला सगळ्यात देखणा मासा, तो पाच-सहा महिने घेतो, कधी आणखी. म्हणजे राकोवीची अंडी संक्रांतीच्या, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पिशवीत गेली आणि गुंथेरीची शिमग्याच्या आसपास, तर दोन्ही आषाढात भिजवायला तयार. तेव्हा पाणी थंडावलेलं असतं आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत सलग बरा काळ मिळतो. मोठे मासे तोवर आपलं आयुष्य बहुतेक जगून झालेले असतात. एप्रिल-मे मध्ये घरात त्यांची टाकीच नाही. एक गोष्ट मात्र पाळा: तीस अंशांच्या वर गर्भ मधला थांबा न घेता भराभर पुढे जातात. पिशवी माडीवर पत्र्याखाली ठेवलीत तर महिन्या-दीड महिन्यातच अंडी तयार होतील, नाहीतर मरतील. थर्मोकोलच्या खोक्यात, माठाशेजारी, घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये नको.

भिजवायच्या आधी भिंगातून पाहा. अंड्यात डोळे स्पष्ट दिसले, त्यांना सोनेरी कडा आली, की पिल्लू तयार. उथळ ट्रेमध्ये भुसा पसरा, वर तीन-चार सेंटिमीटर पाणी, हाताला गार लागेल असं, वीसेक अंशांचं. काही तासांत पिल्लं दिसू लागतात. काही पिल्लं तळावरच वळवळतात, वर येऊ शकत नाहीत. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी भरलेली नसते. अंडी फार लवकर किंवा फार उशिरा भिजवली की हे प्रमाण वाढतं. ती सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी टाकी मांडून बसू नका.

आणि आता ज्या टप्प्यावर बहुतेकांचा डाव फसतो तो: खाणं. अंडी निघतात, पिल्लंही निघतात, आणि पाचव्या दिवशी टाकी रिकामी. बुरशी नाही, रोग नाही, उपासमार. जो मासा महिन्यात मोठा व्हायला निघालाय, त्याला एक वेळचा उपास परवडत नाही. कोरडी पावडर ही पिल्लं खातच नाहीत, त्यांना हलणारं भक्ष्य लागतं. आर्टेमिया हवाच, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव; त्याची कोरडी अंडी डब्यात मिळतात, ती घरी फुटवायची. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम खडे मीठ, खालून जोरात हवा, २६ ते २८ अंश, म्हणजे चोवीस तासांत नारिंगी पिल्लं तयार. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. नळीनं ओढून घ्या, बारीक कापडात गोड्या पाण्यानं धुवा, आणि ताजे ताजेच द्या. जसजसा वेळ जातो तसतशी त्यांच्यातली पौष्टिकता घटते. आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, दमट झाला की पैसे गेले. आर्टेमिया एकदिवसाआड लावायचा नाही, रोज दोन बाटल्या आलटून पालटून चालू हव्यात. हे जमणार नसेल तर पिशवी भिजवूच नका, अंडी काही आठवडे थांबायला तयार असतात. राकोवीची पिल्लं फार बारीक, त्यांना पहिले काही दिवस इन्फ्युझोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, लागतात. बरणीत शेवाळाचं पाणी आणि वाळलेलं पान टाकून आठवडाभर आधी लावून ठेवा.

इतकं खाणं म्हटल्यावर घाण आलीच. रोज तळ ओढायचा, थोडं पाणी बदलायचं, दोन-चार छोट्या गोगलगायी सोडायच्या. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, म्हणून ड्रम भरून ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे. किलीवाल्याला ती पथ्यावर पडते, शिळ्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. बोअरचं जड पाणी नोथोब्रँकियसला चालतं. या माशांना अंगावर सोनेरी धुळीसारखा थर येणारा वेल्व्हेट रोग फार लवकर होतो, म्हणून चार लिटरला छोटा चमचा मीठ टाकण्याची पद्धत आहे.

ज्यांना पिशव्या, भुसा हे सगळं नको, त्यांनी गार्डनेरी घ्यावा. नायजेरिया-कॅमेरूनचा मासा, वर्षाहून जास्त जगतो. अंडी टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुबक्यात घालतो, ती बोटांनी वेचून पाण्यातच दोन-तीन आठवडे ठेवली की फुटतात. पांढरी पडलेली रोज काढायची. झुबक्यासाठी ॲक्रिलिक लोकरच घ्या. यंत्रमागावरचं सूत घरात पडलेलं असतं म्हणून अनेकजण तेच बांधतात, पण सुती धागा कुजतो आणि रंगही सोडतो. गार्डनेरीला उन्हाळा टाकीत काढावा लागतो, त्यावर उपाय आपल्याच हवेत आहे. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला आणि टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर दोन-चार अंशांचा फरक पडतो. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं साधत नाही. फक्त आटलेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यानं घाला. बोअरचं घातलं तर क्षार साचत जातात. आणि पंख्यासाठी झाकण उघडं टाकलंत तर वर जाळी हवी, हा मासा उडी मारतो.

मघाशी एका विद्यार्थिनीनं विचारलं, आपला देशी किली नाही का? आहे. ॲप्लोचिलस लिनिॲटस, पश्चिम घाटातल्या ओढ्यांपासून श्रीलंकेपर्यंतचा. दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, डोक्यावर चांदीचा ठिपका, डासांच्या अळ्या आवडीनं खातो आणि उष्णताही बरीच सोसतो. अंडी दोनेक आठवड्यांत फुटतात. मात्र मोठी पिल्लं छोट्यांना गिळतात, म्हणून आकारानुसार वेगळी करत राहावं लागतं. सुरुवात यानंच करा असं मी म्हणेन.

दुसरा प्रश्न होता जास्त झालेल्या पिल्लांचं काय करायचं. द्या, वाटा, पण सिद्धेश्वर तलावात, हिप्परग्याला किंवा कुठल्या विहिरीत सोडू नका, डास खातील या सद्भावनेनंही नको. उजनीत चिलापी या परक्या माशानं काय केलंय ते भीमाकाठच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा. द्यायचीच असतील तर पिल्लांपेक्षा अंडी द्या. लिफाफ्यात मावतात, टपालानं जातात आणि वाटेत त्यांना पाणीही लागत नाही. पुढे टेबलावर गुंथेरीच्या पिशव्या ठेवल्या आहेत, तारखा वाचून घ्या. ज्यांच्याकडे आर्टेमिया आधीच चालू आहे, त्यांनीच आज न्याव्यात.